पाणी टाकलं का?

पुसदहून कुठंही जायचं तर आधी चढायचं. गाव पूस नदीच्या काठी खोलगटात बसलेलं, भोवती डोंगर, त्यामुळे बाहेर पडणारा रस्ता कुठं ना कुठं चढणीला लागतोच. वाशीमच्या वाटेवर तर आमचा स्वतःचा खंडाळा घाट आहे. पुण्याच्या पाहुण्याला फोनवर 'खंडाळा घाटात गाडी तापली, पोचायला उशीर होईल' असं सांगितलं, की पलीकडे एकदम शांतता पसरते. ही मंडळी न कळवता आपल्याकडेच निघाली आहेत, किती जण असतील, राहणार किती दिवस, असा सगळा हिशेब त्या शांततेत चाललेला असतो. मग त्याला धीर द्यावा लागतो, की बाबा, तो तुमचा खंडाळा नव्हे, हा आमचा. इथं चिक्की मिळत नाही, धबधब्याखाली कुणी फोटो काढत नाही आणि थंड हवेचं ठिकाण तर हे मुळीच नाही.

गाड्या मात्र दोन्हीकडे सारख्याच तापतात. तिकडे जोडून सुट्ट्या आल्या की बोरघाटात बोनट उघडलेल्या गाड्या ओळीनं उभ्या राहतात. इकडे लग्नाच्या तिथी दाट असल्या की राहतात. तिकडचा माणूस कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावतो. इकडे तशी गरजच पडत नाही. मे महिन्यातली दुपार, पारा चव्वेचाळीसच्या घरात, रस्त्यावर चिटपाखरू नाही. तरी बोनट वर करून त्याखाली ती लोखंडी काडी लावली, की पाच मिनिटांत चार माणसं जमतात. ती येतात कुठून, हे मला आजवर कळलेलं नाही. एक बकऱ्या चारणारा, एक मोटारसायकलवरून सासुरवाडीला चाललेला (बायको उतरत नाही, पदर डोक्यावर घट्ट ओढून गाडीवरच बसून राहते), एक तांड्यावरचा म्हातारा, आणि एक असा इसम ज्याचा धंदा कुणालाच माहीत नसतो, पण ज्याच्या खिशात पाना असतो.

पहिला प्रश्न ठरलेला. "पाणी टाकलं का?"

वऱ्हाडात या प्रश्नाला फार मान आहे. ऊन लागलेल्या माणसाला जे करायचं तेच आम्ही ऊन लागलेल्या गाडीला करतो. सावलीत घ्या, तोंडावर पाणी मारा, पाणी पाजा. खिशात कांदा ठेवायचा तेवढा राहतो, आणि तोही एका काळीपिवळीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला मी पाहिला आहे. ड्रायव्हर म्हणाला, तो माझ्यासाठी आहे. पण गाडीला त्यानं काही अपाय होत नाही.

पाणी देण्यात इथं कुणी हात आखडत नाही, हे मात्र छातीवर हात ठेवून सांगावं. जिला उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी लांब जावं लागतं ती बाईसुद्धा तापलेल्या गाडीसाठी कळशी पुढं करते. 'पाणी घेता का?' असं माणसाला तरी विचारतात. गाडीला विचारत नाहीत, थेट ओततात. इंजिन फणफणलेलं, त्यावर माठातलं गार पाणी. तापलेल्या ओतीव धातूवर एकदम गार पाणी पडलं तर त्याला तडा जाऊ शकतो, हे ऐकून घ्यायला त्या वेळी कुणी मोकळं नसतं. सगळे पुण्यकर्मात गुंतलेले असतात.

खरा प्रश्न पुढचा आहे, आणि तो कुणीच विचारत नाही. आधीचं पाणी गेलं कुठं?

कारण गाडीचं पाणी हे काही कुलरचं पाणी नव्हे, की रोज सायंकाळी बादलीनं भरावं. ते बंद वर्तुळात फिरतं. वॉटर पंप, ज्याला गॅरेजात सगळे 'वॉटर बॉडी' म्हणतात, तो पाणी इंजिनातून फिरवतो. ते तापून रेडिएटरमध्ये येतं. तिथं बारीक नळ्यांतून उतरताना वाऱ्यानं निवतं आणि पुन्हा कामाला लागतं. धडधाकट गाडीत वर्ष वर्ष त्यात थेंब टाकावा लागत नाही. तेव्हा पाणी कमी झालं याचा अर्थ ते कुठून तरी पळालं आहे. पण पळालेल्या पाण्याचा माग काढणं हे आपल्या स्वभावात नाही. आपल्याकडे टाकी गळत असली तरी टँकर मागवतात.

या बाबतीत पुसदकरांना तर सबब नाही. एका तालुक्यानं महाराष्ट्राला दोन मुख्यमंत्री दिले, दोघेही गहुलीच्या नाईक घराण्यातले. वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात मुख्यमंत्री होते, आणि १९९१ ते १९९३ मध्ये सुधाकरराव नाईक. सुधाकररावांनी जलसंधारणाचं वेगळं खातं काढलं आणि 'पाणी अडवा, पाणी जिरवा' ही घोषणा गावोगावच्या भिंतींवर चढली. रेडिएटरच्या बाबतीत या घोषणेचा पहिला अर्धा भाग शंभर टक्के लागू आहे. दुसरा अर्धा मात्र इंजिनानं मनावर घेतला, की काम फार वाढतं. पण त्या जिरण्याकडे पुढं येऊ.

तूर्त घाटातल्या चौघांकडे. त्यांची निदानं सुरू झालेली असतात, आणि त्यात एक नियम मला हमखास आढळला आहे: ज्याच्या गाडीला जो रोग झाला होता, त्याला प्रत्येक गाडीत तोच दिसतो. मोटारसायकलवाला म्हणतो, "प्लग साफ करून पा बरं." त्याच्या पाण्याविना चालणाऱ्या मोटारसायकलला आजवर तेवढंच झालेलं असतं. पानावाला इसम आत न बघताच "हेड गेलं" असं जाहीर करतो. तो कुठल्याही गाडीकडे बघून हेच म्हणतो. पंक्चर झालेल्या गाडीजवळही तो हेडच गेल्याचं सुचवतो. गाडीत बसलेले मेव्हणे पेट्रोलमध्ये भेसळ असल्याचं सांगतात. म्हाताऱ्याचं म्हणणं, गाडी नवी घेतली तेव्हा नारळ नीट फुटला नसेल.

बकऱ्यावाला शेवटी बोलतो. "चढ हाय, ऊन हाय, अन् तुमी सात जण हाय. दोघं-तिघं उतरा ना बाप्पा."

सगळे हसतात. आणि जमलेल्यांत शास्त्राला धरून बोलणारा तेवढा एकटा तोच असतो.

कारण इंजिन हे मुळात उष्णता तयार करण्याचं यंत्र आहे, गाडी चालणं हा त्यातला जोडधंदा. पेट्रोल जळून जी ऊर्जा निघते तिच्यातली फार तर एक तृतीयांश चाकांच्या कामी येते. दुसरी एक तृतीयांश सायलेन्सरमधून धुरासोबत निघून जाते, आणि उरलेली जवळपास तेवढीच त्या पाण्याला अंगावर घ्यावी लागते. म्हणजे आपण शंभर रुपयांचं पेट्रोल भरतो तेव्हा फार तर तीस-पस्तीस रुपयांचा प्रवास आणि बाकीची शेकोटी विकत घेतो; तीही मे महिन्यात. घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन जोरात फिरतं, पेट्रोल जास्त जळतं, उष्णता वाढते, आणि गाडीचा वेग कमी म्हणून समोरून येणारा वारा नेमका तेव्हाच आटतो. वाराही कसला, तर चव्वेचाळीस अंशांचा. शिवाय एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यातच बसवलेला असतो, त्यामुळे एसीनं आतल्या माणसांची काढलेली गरमी आधी रेडिएटरच्या तोंडावर जाते. आतली मंडळी गार, इंजिन बेजार.

ही कटकट मोटारीइतकीच जुनी आहे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेर्टा बेंझ ही बाई नवऱ्याला न सांगता त्यानं बनवलेली मोटार घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी निघाली, सोबत दोन पोरं. शंभरेक किलोमीटरचा रस्ता. लांब पल्ल्याचा जगातला पहिला मोटारप्रवास म्हणून तो इतिहासात गेला. त्या गाडीत पाणी निवायची सोयच नव्हती, ते उकळून वाफ होऊन जायचं आणि तेवढ्यानं इंजिन गार राहायचं. त्यामुळे बाईंना वाटेत मिळेल तिथं पाणी भरत जावं लागलं. चढ आला की पोरं उतरून ढकलायची. आमच्या बकऱ्यावाल्यानं सांगितलेला इलाज मोटारीच्या पहिल्या प्रवासात वापरून झालेला आहे. पुढं १९०१ मध्ये मर्सिडीजच्या गाडीला मायबाख नावाच्या इंजिनिअरनं हजारो बारीक नळ्यांचं जाळीदार रेडिएटर बसवलं आणि पाणी भरत भरत जाण्याची गरज संपली. ती बातमी घाटात अजून पोचायची आहे.

आता इतकं पाणी आहे म्हटल्यावर झाकण आलंच. रेडिएटरच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा कोरलेला असतो. तो त्याची किंमत नसते, एका पाहुण्याला तसं वाटलं होतं. आत किती दाब धरून ठेवायचा त्याचा तो आकडा. दाब वाढला की पाणी उशिरा उकळतं, ०.९ च्या झाकणाखाली साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास जाईतो उकळत नाही. म्हणून इंजिनाचं काम सुखरूप चालतं. आणि म्हणूनच तापलेल्या गाडीचं झाकण उघडायचं नसतं. झाकण फिरवताच दाब सुटतो, ११० अंशांवर गुमान बसलेलं पाणी त्याच क्षणी उकळून उसळतं आणि उघडणाऱ्याच्या तोंडावर येतं. अर्धा तास थांबा, वरचा होज पाइप हाताला सोसवेल इतका निवू द्या, मग जाड फडकं घेऊन झाकण हळूच सैल करा, एवढंच करायचं असतं. पण अर्धा तास नुसतं थांबणं हे लग्नाला निघालेल्या वऱ्हाडाला जमत नाही. हळद लागून गेली, मुहूर्त दीडचा, आणि आहेराची साडी यांच्याच गाडीत.

झाकणाचं रबर उललं किंवा स्प्रिंग ढिली पडली, तरी गाडी तापते. पाणी लवकर उकळतं, बाजूच्या बाटलीत जातं आणि तिथून बाहेर. लोक वॉटर बॉडी बदलतात, रेडिएटर बदलतात, काही जण गाडीच विकून टाकतात, झाकण मात्र तसंच राहतं. ते नव्या मालकाला मिळतं.

गावात १९८३ पासून बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथली पोरं शिकून पुण्याला आणि हैदराबादला जातात, तिथं मोठ्या कंपन्यांत लागतात, दिवाळीत-उन्हाळ्यात गाडी घेऊन घरी येतात. आणि ती गाडी तापली की सरळ गॅरेजवाल्या चाचाकडे नेतात. यात कमीपणा काही नाही. उष्णता कशी वाहते याचं समीकरण एकाला येतं, आणि ती कुठं अडली हे दुसऱ्याला येतं.

चाचाचं गॅरेज म्हणजे एक पत्र्याचं शेड, समोर कडुनिंब, आणि कडुनिंबाखाली तीन गाड्या, ज्यांचे मालक 'उद्या नेतो' म्हणून गेलेले आहेत. चाचा लगेच बोनट उघडत नाही, हे त्याचं वैशिष्ट्य. आधी तो स्टुलावर बसून प्रश्न विचारतो. "उभी असल्यावर तापते का चालल्यावर?"

हा प्रश्न मला फार आवडतो. अर्धं निदान त्यातच होतं. उभ्या गाडीत तापमानाचा काटा चढतो आणि गाडी मोकळ्या रस्त्याला लागली की उतरतो, तर पाणी-बिणी ठीक आहे, पंखा फिरत नाही. धावत्या गाडीला वारा फुकट मिळतो. उभ्या गाडीला तो पंख्यानं विकत घ्यावा लागतो. पुसदमध्ये याची कसोटी घ्यायला वेगळं यंत्र नको. सायंकाळी वरातीच्या मागं सापडावं. पुढं डीजे, त्यापुढं नाचणारे, त्यापुढं पुन्हा नाचणारे, त्यांच्यापुढं घोड्यावर नवरदेव. आणि मागं आपण, पहिल्या गिअरमध्ये, क्लचवर पाय ठेवून, पाच पावलं पुढं, थांबा. या परीक्षेत अर्ध्या तासात काटा जागचा हलला नाही, तर त्या गाडीचा पंखा आयुष्यभर साथ देईल. हलला, तर चाचा आधी एसी लावायला सांगतो. एसी लावल्यावर पंखा फिरलाच पाहिजे. नाही फिरला तर फ्यूज, मग रिले, मग पंख्याची मोटर, या क्रमानं. पुष्कळदा फ्यूजच गेलेला असतो. चहाच्या पैशातलं काम. ते ऐकून गिऱ्हाईक काहीसं नाराज होतं. इतक्या लांबून हेड गेलं असं समजून आलेल्या माणसाला फ्यूज गेल्याचं सांगणं बरं दिसत नाही.

उलट, मोकळ्या रस्त्यावर सत्तर-ऐंशीनं चालवताना काटा चढत असेल, तर पंखा निर्दोष. तिथं वारा भरपूर आहे, पाणी फिरत नाही. मग चाचा इंजिन सुरू ठेवून दोन पाइपांना हात लावतो. वरचा चटका देणारा आणि खालचा गार, म्हणजे पाणी मध्ये कुठं तरी अडलं. एक तर रेडिएटर आतून चोक, नाही तर थर्मोस्टॅट मिटलेलाच राहिला. रेडिएटर चोक होण्यात आपल्या बोअरच्या पाण्याचा हात मोठा. त्यातला क्षार नळ्यांत बसत जातो. कंपनीनं गाडी देताना कूलंट भरून दिलेलं असतं, ते नुसतं गार ठेवत नाही तर गंज आणि क्षारही धरू देत नाही; पण एकेका उन्हाळ्यात कळशी-कळशीनं त्याची जागा बोअर घेत जातं, आणि दोनतीन वर्षांनी कूलंट औषधालाही उरत नाही. बाहेरून पाहावं तर जाळीत धूळ, किडे, आणि कापसाच्या ट्रकमागून गाडी चालवली असेल तर पांढऱ्या सोन्याचा एक पातळ थर. तो मऊ ब्रशनं आणि पाण्याच्या हलक्या धारेनं निघतो. सर्व्हिसिंगवाला पोरगा मात्र प्रेशर पंपाची धार जवळून सोडतो, जाळीच्या नाजूक पट्ट्या झोपवतो, आणि वारा जायची वाट कायमची बंद करून 'चकाचक झाली' असं सांगतो.

थर्मोस्टॅटची कहाणी जरा दुःखद आहे. पाण्याच्या वाटेवर बसवलेला हा एक छोटा वॉल. आत मेण भरलेलं. साधारण ८२ अंशांच्या पुढं ते वितळून फुगतं आणि दार उघडतं. तोवर तो पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही, इंजिनाला आधी नीट गरम होऊ देतो. इंजिनाला गरम व्हायला मदत करणारी वस्तू विदर्भात कशाला हवी, असा साधा सवाल कुण्या मिस्तरीनं कधी तरी केला असणार. तेव्हापासून गाडी तापली, की पहिला बळी थर्मोस्टॅटचा. "हे थंड मुलखातल्या गाड्यायसाठी असते. आपल्याले गरज नाई," असं म्हणून तो उपटून गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवला जातो. गिऱ्हाईक तो कागदात गुंडाळून घरी नेतं आणि देवघराच्या खालच्या फळीवर ठेवतं. पुढं गाडी सदानकदा अर्धवट गार चालते, पेट्रोल जास्त खाते, इंजिन लवकर झिजतं. पण काटा खाली असतो, आणि गिऱ्हाईक काट्याकडेच बघतं. चाचा नवीन बसवतो. बसवण्याआधी भांड्यात पाणी उकळून त्यात सोडून दार उघडतं का ते दाखवतो. हा प्रयोग पाहायला शेजारचा पंक्चरवालाही येतो.

घाटात चाचा नसतो. तिथं एक इलाज आहे, तो खरा आहे, आणि नेमका त्यामुळेच त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. एसी बंद करायचा, काचा उतरवायच्या आणि हीटर लावायचा. गाडीचा हीटर म्हणजे आतल्या बाजूला बसवलेलं दुसरं छोटं रेडिएटर. इंजिनाच्याच गरम पाण्यावर चालणारं. तो पूर्ण सोडला, की इंजिनातली थोडी उष्णता त्या वाटेनं बाहेर पडते आणि काटा खाली येतो. आमच्या ओळखीचे एक सेवानिवृत्त मास्तर हे कुठंसं वाचून बसले होते. वाशीमच्या लग्नाला निघाले. खंडाळा घाटात काटा चढायला लागल्यावर त्यांनी शांतपणे बटण फिरवलं.

"अहो, हे गरम हवा काऊन येऊन राहिली?"

"हीटर लावला."

"कोणं?"

"म्या."

मागच्या सीटवर काही वेळ कुणी बोललं नाही. मग मेव्हण्यानं पुढं वाकून हळूच विचारलं, "भाऊजी, तुमाले ऊन तं नाई लागलं ना?"

काटा उतरला. गाडी घाट चढून गेली. वर पोचल्यावर मास्तरांनी हीटर बंद करून एसी लावला आणि उष्णतेच्या वहनावर चार शब्द बोलण्यासाठी घसा खाकरला, पण तोवर श्रोतृवर्ग दुसऱ्या गाडीत बसून निघून गेला होता.

गळतीच्या बाबतीत लोक फार हौशी. एसी लावलेली गाडी उभी राहिली, की खाली पाण्याचे थेंब पडतात. ते हवेतल्या ओलाव्याचं स्वच्छ पाणी, त्यात काही वावगं नाही. पण रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण काचेवर टकटक करून "गाडी गळून राहिली" असं सांगून जातो. खरी गळती मात्र चोरटी असते. होज पाइपाच्या क्लिपपाशी, वॉटर बॉडीच्या खालच्या भोकापाशी, हिरवट किंवा गुलाबी डाग आणि किंचित गोडसर वास. तो गोडसरपणा फसवा आहे बरं. कूलंट विषारी असतं, लहान पोरांच्या आणि कुत्र्या-मांजरांच्या तोंडी जाऊ देऊ नये. जुन्या जीपवाल्यांचा गळतीवरचा इलाज म्हणजे हळद. मूठभर हळद रेडिएटरमध्ये टाकायची, ती जाऊन बारीक भोकात बसते. गळणं थांबतंही. घरी पोचण्यापुरता इलाज म्हणून तो वाईट नाही. पण आपल्याकडे थांबलं ते बरं झालं असं समजतात, आणि पुढच्या गळतीला पुढची मूठ. शेवटी आधी गळणारं रेडिएटर नंतर तुंबणारं होतं, आणि उघडल्यावर आतून जे निघतं त्यात फक्त फोडणी द्यायची बाकी असते.

आणि आता ते जिरणं. बाहेर कुठंच गळती नाही, तरी पाणी रोज कमी होतं, तेव्हा ते इंजिनातच जिरत असतं. इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामध्ये एक गॅस्केट असतं. तापलेली गाडी 'आता आलंच वाशीम' म्हणत रेटली, की हेड वाकडं होतं आणि गॅस्केट उडतं. मग पाणी सिलिंडरमध्ये किंवा ऑइलमध्ये उतरतं. सायलेन्सरमधून पांढरा धूर, रेडिएटरमध्ये बुडबुडे, ऑइलच्या झाकणाखाली पांढुरका चिकट साका. हे सगळं दिसलं की चाचा स्टुलावरून उठतो. हेड उतरवायचं, लेथवाल्याकडे नेऊन फेस मारून सपाट करायचं, नवं गॅस्केट घालायचं. दोन-तीन दिवस आणि हजारांतला आकडा. त्या दिवशी पानावाल्या इसमाचं म्हणणं खरं ठरतं, आणि पुढची दहा वर्षं तो प्रत्येक गाडीजवळ हा दाखला देतो.

माझं मत विचाराल तर पुसद-यवतमाळकडच्या निम्म्या गॅस्केटांचा जीव घाटानं जात नाही, उन्हानंही जात नाही. काटा चढलेला दिसल्यावरही पुढच्या ढाब्यापर्यंत, पुढच्या फाट्यापर्यंत, निदान सासुरवाडीच्या दारापर्यंत गाडी रेटायची जी जिद्द आहे, तिनं जातो. बंद पडलेली गाडी परक्या गावात चालते. सोयऱ्याच्या दारात तिनं चालत गेलं पाहिजे.

तेव्हा लग्नाला निघणाऱ्या मंडळींना एवढीच विनंती. सकाळी गाडी गार असताना बोनट उघडा, बाटलीतल्या दोन रेषांच्या मध्ये पातळी आहे का बघा, झाकणाचं रबर बघा, एसी लावून पंखा फिरतो का बघा. काटा चढला तर गाडी बाजूला घेऊन बंद करा, आणि वऱ्हाडाला खाली उतरवून सावलीला बसवा. मदतीला थांबणाऱ्यांनाही एक सांगणं आहे. इलेक्ट्रिक पंखा इंजिन बंद केल्यावरही, किल्ली काढलेली असली तरी, अचानक सुरू होऊ शकतो. बोनटमध्ये वाकून सल्ला देण्याआधी गळ्यातला दुपट्टा काढून ठेवावा.